नकाशावर लांब, गोलावर जवळ, तिकिटावर पुन्हा लांब

दोन विमानतळांची नावं कॅल्क्युलेटरमध्ये टाकली की लगेच उत्तर येतं: अंतर अमुक किलोमीटर, उड्डाणाला तमुक तास. गजबजलेल्या शहरांच्या बाबतीत हे उत्तर बऱ्यापैकी खरं ठरतं. पण दोन्ही विमानतळ जगाच्या टोकाला असतील तर तोच आकडा फसवायला लागतो. गणित बरोबर असतं. ज्या विमानाचा वेळ तो सांगतो, ते विमान मात्र कुठेच उडत नसतं.

हे नीट कळावं म्हणून मी मुद्दाम एक टोकाची जोडी निवडली आहे. पहिला विमानतळ लाँगियरब्येनचा. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावरचं हे गाव ७८ उत्तर अक्षांशाच्याही थोडं वर आहे. नियमित प्रवासी विमानं जिथे उतरतात अशा विमानतळांमध्ये जगात सर्वांत उत्तरेचा हाच. तो १९७५ साली सुरू झाला, आणि त्याची धावपट्टी बारमाही गोठलेल्या जमिनीवर बांधलेली आहे. दुसरा विमानतळ अलास्काच्या उत्तर टोकाला, उटकियाग्विकचा, ७१ अंशांच्या थोडा पुढे. या गावाला २०१६ पर्यंत बॅरो म्हणत. गावाचं नाव बदललं, पण विमानतळाचा तीन अक्षरी कोड बीआरडब्ल्यू तसाच राहिला. त्यामुळे नावाने शोधणारा कधीकधी चक्रावतो आणि कोडने शोधणारा बिनचूक पोचतो. आडगावच्या विमानतळांसाठी नावापेक्षा कोडवर विसंबावं हे बरं.

आता भिंतीवरचा नेहमीचा जगाचा नकाशा घ्या. लाँगियरब्येन मधोमध वरच्या कडेला दिसेल, रेखांश सुमारे १५ पूर्व. उटकियाग्विक डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात, रेखांश सुमारे १५७ पश्चिम. दोघांच्या मध्ये अख्खा ग्रीनलँड आणि अख्खा कॅनडा. फूटपट्टी ठेवून सरळ रेघ मारली तर ती जवळजवळ आडवी येते, म्हणजे ‘पश्चिमेकडे जात राहा’ असं नकाशा सांगतो. हा नकाशा मर्केटर पद्धतीचा असेल तर त्या रेघेवरून प्रत्यक्षात उडायला सुमारे ५,००० किलोमीटर लागतील.

मग पृथ्वीचा गोल घ्या आणि एक दोरा. दोऱ्याचं एक टोक स्वालबार्डवर अंगठ्याने दाबा, दुसरं अलास्काच्या शेंडीवर, आणि दोरा ताणा. ताणला की तो आपोआप वर सरकतो, ग्रीनलँड-कॅनडाचा बहुतेक भाग खाली सोडून देतो आणि उत्तर ध्रुवाला जवळजवळ चिकटून जातो. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता हाच. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात, वैमानिक ग्रेट सर्कल म्हणतात. पृथ्वीचे बरोबर मधोमध दोन समान तुकडे करणारी सुरी या दोन गावांमधून फिरवली, तर तिची धार पृष्ठभागावर जिथून जाईल ती ही रेषा.

या जोडीचं अंतर काढायला कॅल्क्युलेटरही लागत नाही, आणि म्हणूनच मला ती आवडते. लाँगियरब्येन ध्रुवापासून ९० वजा ७८.२५, म्हणजे ११.७५ अंश दूर. उटकियाग्विक ९० वजा ७१.२९, म्हणजे १८.७१ अंश. दोघांच्या रेखांशांत १७२ अंशांचा फरक आहे. तो पुरा १८० असता तर दोन्ही गावं ध्रुवाच्या अगदी समोरासमोर आली असती. १७२ म्हणजे जवळपास समोरासमोरच. तेव्हा सरळ बेरीज करा: ३०.४६ अंश. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याला ३६० ने भागलं की एका अंशाला १११ किलोमीटर आणि वर थोडे. गुणाकार केला की ३,३९० च्या आसपास आकडा येतो. त्रिकोणमितीचं पूर्ण सूत्र वापरलं तर कोन ३०.४ अंश निघतो आणि अंतर ३,३८०. फरक जेमतेम आठ-दहा किलोमीटरचा. अचूक रेषा ध्रुवावरून जात नाही, ध्रुवाला सुमारे ११० किलोमीटर बाजूला ठेवून जाते, म्हणून तेवढी बचत.

म्हणजे नकाशावरचे ५,००० आणि गोलावरचे ३,३८०. नकाशा खोटं बोलतो असं म्हणायची पद्धत आहे, पण ते अन्यायाचं वाटतं. मर्केटरने हा नकाशा १५६९ साली दर्यावर्दींसाठी काढला. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज कुठे पोचेल हे त्यावर सरळ रेघेने कळावं, एवढंच त्याचं काम. त्यासाठी ध्रुवांकडचा भाग ताणावा लागला. जवळचा रस्ता दाखवायचं वचन त्याने कधी दिलंच नव्हतं.

गोलावरच्या या रेषेवर दिशेची मोठी मौज होते. लाँगियरब्येनहून निघताना विमानाचं नाक जवळजवळ उत्तरेकडे असतं, उत्तरेपासून पाचेक अंश पश्चिमेला झुकलेलं. उटकियाग्विकला उतरताना तेच नाक दक्षिणेकडे असतं. मध्ये वैमानिकाने वळण घेतलेलं नसतं, तो सरळच उडालेला असतो. उत्तर आणि दक्षिण हे शब्द ध्रुवाच्या संदर्भाने ठरतात. ध्रुव मागे पडला की पुढची दिशा दक्षिण होते. या भागात साधं होकायंत्रही फारसं कामाचं राहत नाही, कारण चुंबकीय ध्रुव इथून फार लांब नाही आणि सुई आडवी स्थिरावायच्या ऐवजी खाली ओढली जाते. म्हणून इथे विमानं चुंबकीय दिशेवर न चालता खऱ्या उत्तरेवर किंवा नकाशावर आखलेल्या समांतर रेषांच्या जाळीवर चालतात.

दोन वेगवेगळे कॅल्क्युलेटर एकाच जोडीला थोडे वेगळे आकडे देतात, त्याचंही कारण सांगून टाकतो. काही पृथ्वी पूर्ण गोल धरतात, त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. काही तिला ध्रुवांशी चपटी धरतात, म्हणजे विषुववृत्ताकडे ६,३७८ आणि ध्रुवाकडे ६,३५७. दुसरी पद्धत जास्त खरी. आपल्या जोडीला तिने दहा-पंधरा किलोमीटर जास्त येतात, कारण चपट्या भागात वक्रता कमी असते आणि तिथला एक अंश थोडा लांब पडतो. तासांच्या हिशेबात हे एका मिनिटाइतकं आहे, तेव्हा त्यावर रात्री जागवू नयेत.

आता वेळ. जेट विमान वर स्थिरावल्यावर ताशी ८५० किलोमीटरच्या आसपास जातं. ३,३८० भागिले ८५०, चार तासांना एखादं मिनिट कमी. पण विमान फाटकापासून ८५० ने सुटत नाही. ते धावपट्टीपर्यंत रांगतं, चढतं, शेवटी वेग कमी करत उतरतं, पुन्हा रांगतं. बहुतेक कॅल्क्युलेटर यासाठी अर्धा तास वर धरतात. झाले साडेचार तास. वेळापत्रकात छापला जातो तो याच प्रकारचा वेळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात: चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून मुक्कामी ते पुन्हा लावेपर्यंतचा. हवेतला वेळ त्याहून कमी असतो. ‘विमान वेळेआधी उतरलं’ म्हणून प्रवासी खूश होतात तेव्हा अनेकदा वेळापत्रकातच थोडी सैल जागा ठेवलेली असते.

तिकिटावरच्या वेळांनी मात्र गोंधळायला होतं. स्वालबार्ड आणि अलास्का यांच्या घड्याळात, वर्षातले काही आठवडे सोडले तर, दहा तासांचा फरक असतो. असं थेट विमान असतं आणि ते लाँगियरब्येनहून दुपारी बाराला निघालं असतं, तर उटकियाग्विकला त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरलं असतं. निघण्याच्या साडेपाच तास आधी! उलट्या दिशेने बाराला निघालं तर रात्री अडीचला पोचलं असतं, म्हणजे घड्याळात साडेचौदा तास. यावर एक सोपी युक्ती आहे. दोन्ही दिशांचे घड्याळातले फरक मिळवा आणि निम्मे करा: वजा साडेपाच अधिक साडेचौदा म्हणजे नऊ, त्याचे निम्मे साडेचार. कुठल्याही परतीच्या तिकिटावर हे करून पाहा, कालविभाग माहीत नसले तरी खरा वेळ हाती येतो. जाता-येता वारा आणि थांबे वेगळे असतील तर तो सरासरी वेळ असेल, इतकंच.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटतं, जाताना वारा पाठीशी आणि येताना समोरून, म्हणजे हिशेब फिटला. फिटत नाही. ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा. पाठीशी असताना जमिनीच्या मानाने वेग ९५०, वेळ ३ तास ३३ मिनिटं. समोरून असताना वेग ७५०, वेळ साडेचार तास. बेरीज ८ तास ४ मिनिटं. वारा नसता तर दोन्ही खेपा मिळून ७ तास ५७ मिनिटं लागली असती. सामोऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, त्यामुळे तोटा जास्त वेळ सोसावा लागतो आणि फायदा कमी वेळ मिळतो.

इथवरचं सगळं गणित कागदावरचं. आडवाटेच्या विमानतळांचा खरा प्रश्न इंधनाचा आहे, आणि त्यातही परत फिरायच्या इंधनाचा.

प्रवासी विमान मुक्कामापुरतं इंधन घेऊन निघत नाही. मुक्कामी धुकं पडलं, धावपट्टीवर काही अडकलं, तर दुसऱ्या विमानतळावर जाता येईल इतकं इंधन बरोबर ठेवावं लागतं, आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं राखीव. मोठ्या शहराजवळ हा पर्यायी विमानतळ शंभर-दीडशे किलोमीटरवर सापडतो. लाँगियरब्येनला उतरता आलं नाही तर जेटसाठी जवळची सोयीची जागा म्हणजे मुख्य भूमीवरचं ट्रोम्सो, सुमारे ९६० किलोमीटर दक्षिणेला. म्हणजे ३,३८० किलोमीटरच्या उड्डाणाला ४,३४० किलोमीटरचं इंधन, वर राखीव वेगळं. तेवढं वजन जास्त म्हणजे तेवढे प्रवासी किंवा सामान कमी. अंतराच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

काही विमानतळ इतके एकटे असतात की त्यांना पर्यायच नसतो. ईस्टर बेटावरचा मातावेरी घ्या, चिलीच्या सांतियागोपासून सुमारे ३,७५० किलोमीटर दूर, आणि सगळीकडे पॅसिफिक महासागर. अशा ठिकाणांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत वेगळी सोय आहे: पर्यायी विमानतळाच्या ऐवजी जेट विमानाने मुक्कामावर पोचल्यावर आणखी दोन तास उडता येईल इतकं इंधन ठेवायचं. शिवाय वाटेत एक बिंदू आधीच ठरवून ठेवायचा. तिथपर्यंत पोचल्यावर मुक्कामाचं हवामान आणि धावपट्टी तपासायची. सगळं ठीक असेल तरच पुढे जायचं, कारण त्यानंतर मागे फिरायला इंधन पुरणार नसतं. प्रवाशांना जेवणाचे ट्रे उचलले जात असताना याचा पत्ताही लागत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण दक्षिण अटलांटिकमधलं सेंट हेलेना बेट. नेपोलियनला कैदेत ठेवायला ते निवडलं गेलं, यावरूनच ते किती एकटं आहे हे कळावं. तिथला विमानतळ बांधून झाला आणि मग लक्षात आलं की कड्याच्या काठावरच्या धावपट्टीवर वारा अचानक दिशा आणि जोर बदलतो. नियमित प्रवासी सेवा सुरू व्हायला ऑक्टोबर २०१७ उजाडला. जोहान्सबर्गहून तिथे जाणारं लहान जेट जाताना नामिबियात उतरून टाक्या भरून घेतं, कारण बेटावर उतरता आलं नाही तर आफ्रिकेपर्यंत परत यायची तयारी ठेवावी लागते. येताना मात्र ते थेट येतं, कारण आफ्रिकेत उतरायला जागांची वाण नाही. अंतर तेच, विमान तेच, आणि जायला-यायला लागणारा वेळ वेगळा. वाऱ्याने पडणाऱ्या फरकाहून हा फरक कितीतरी मोठा आहे.

ध्रुवीय मार्गाला आणखी अटी लागतात. दोन इंजिनांचं विमान एक इंजिन बंद पडल्यावर ठरावीक वेळात कुठे तरी उतरू शकलं पाहिजे. अमेरिकेत १९५३ साली ही मर्यादा ६० मिनिटांची ठरली होती. इंजिनं भरवशाची होत गेली तशी १९८५ पासून ती १२० मिनिटांवर, मग १८० वर आणि काही विमानांसाठी त्याही पुढे गेली. आपल्या रेषेच्या मधोमध दोन्ही टोकं सुमारे १,७०० किलोमीटर दूर असतात आणि खाली बर्फाने झाकलेला समुद्र. वाटेच्या बाजूला कॅनडाचं अलर्ट, ग्रीनलँडमधलं पिटुफिक अशा मोजक्या लष्करी धावपट्ट्या आहेत. अमेरिकी नियमांत ७८ उत्तर अक्षांशापलीकडचा भाग ध्रुवीय क्षेत्र मानला जातो. तिथून जायचं तर आणीबाणीत उतरवलेल्या प्रवाशांना परत आणायची योजना आधी दाखवावी लागते, आणि विमानात कडाक्याच्या थंडीत बाहेर पडता येईल असे किमान दोन पोशाख ठेवावे लागतात. एक प्रकारचं विमानाचं इंधन उणे ४० अंशांला गोठतं, दुसरं उणे ४७ ला. टाकीतलं तापमान त्याच्या जवळ जायला लागलं की खाली यावं लागतं किंवा वेग वाढवावा लागतो. विषुववृत्तावर फिरणारे दळणवळण उपग्रह ८२ अंशांपलीकडे क्षितिजाखाली जातात, मग संपर्क राहतो तो इतर उपग्रहांवर किंवा जुन्या रेडिओ लहरींवर, आणि सूर्यावर वादळ उठलं की या लहरीही बिघडतात.

आणि समजा हे सगळं जमवलं, तरी लाँगियरब्येन ते उटकियाग्विक जाणार कोण? थेट विमान नाही, कारण तिकीट काढणारेच नाहीत. आडगावचा विमानतळ आपल्या राजधानीकडे किंवा जवळच्या मोठ्या शहराकडे तोंड करून बसलेला असतो, दुसऱ्या आडगावाकडे नाही. म्हणून उटकियाग्विकहून निघणाऱ्याला आधी अँकरेज (१,१६५ किलोमीटर), मग सिअ‍ॅटल (२,३३०), मग लंडन (७,७२०), मग ऑस्लो (१,२०५), आणि शेवटी लाँगियरब्येन (२,०१५) असं जावं लागतं. हा एक शक्य मार्ग, इतरही आहेत. बेरीज १४,४३५ किलोमीटर, थेट अंतराच्या सव्वाचार पट. प्रत्येक टप्प्याला तेच ८५० आणि अर्धा तास लावला तर साडेएकोणीस तास होतात. मधल्या विमानतळांवरच्या बाकांवर किती तास जातील ते वेगळं. जोडविमानं जुळली नाहीत तर एक-दोन रात्रीही.

हा साडेएकोणीस तासांचा आकडा काढल्यावर मी थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसलो. कारण हा थेट रस्ता एकदा खरोखर उडून झालेला आहे. एप्रिल १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे ह्युबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आयल्सन पॉइंट बॅरोहून, म्हणजे उटकियाग्विकजवळच्या टोकावरून, एका इंजिनाच्या लॉकहीड व्हेगा विमानातून निघाले आणि स्वालबार्डला पोचले. वाटेत कुठे नवी जमीन दिसते का ते पाहायचं होतं म्हणून त्यांनी रेषा थोडी वाकडी केली. उडालेलं अंतर २,२०० मैल, म्हणजे सुमारे ३,५४० किलोमीटर. ताशी वेग १७५ किलोमीटरच्या आसपास. लागलेला वेळ २० तास २० मिनिटं. आज जेट विमानांनी फिरून जाणारा प्रवासी जवळजवळ तितकाच वेळ विमानात असतो.

अर्थात ती २० तास २० मिनिटंही उड्डाणाची, प्रवासाची नव्हेत. स्वालबार्डवर वादळ होतं, म्हणून त्यांना वाटेतच एका ओसाड बर्फाळ जागी उतरावं लागलं आणि चार-पाच दिवस दोघे विमानात बसून राहिले. वादळ निवळलं तेव्हा विमानाला चाकांऐवजी लावलेल्या घसरपट्ट्या बर्फात रुतल्या होत्या. विल्किन्स खाली उतरून ढकलायला लागले, विमान सुटलं आणि ते खालीच राहिले. आयल्सनना फिरून परत उतरावं लागलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला विल्किन्सनी अर्धं अंग विमानात आणि एक पाय बाहेर ठेवून जोर लावला. त्यानंतर बिनतारी केंद्र असलेलं स्वालबार्डवरचं ग्रीन हार्बर काही मिनिटांच्या अंतरावर होतं.